उलटी चंद्रकोर

"वाच बघू," आमिनाचाची म्हणाली आणि बांगड्यांची टोपली वाचनालयाच्या पायरीवर टेकवून उभी राहिली.

मी खडू खिशात टाकला, घसा साफ केला आणि फळा वाचायला लागलो. ‘पडद्यावर’ या रकान्यात त्या दिवशी मी लिहिलं होतं की आपल्या टॉकीजला लागलेल्या नव्या सिनेमात नायक एकटा बावीस गुंडांना लोळवतो, तेविसावा गुंड रजेवर असल्यामुळे वाचतो. ‘गादीवर’ या रकान्यात नगराध्यक्ष सर्जेरावांनी बसस्टँडजवळच्या मुतारीचं तिसऱ्यांदा उद्घाटन केल्याची बातमी होती. पहिल्या दोन वेळेला पाणी नव्हतं, या वेळेला दार नव्हतं. आणि ‘जाळ्यात’, म्हणजे इंटरनेटवर काय सापडलं त्या रकान्यात, ब्राझीलमधल्या एका पोपटाने मालकाच्या आवाजात दुकानाला फोन करून स्वतःसाठी पोतंभर मिरच्या मागवल्याचं वृत्त होतं.

"मिरच्या कसल्या?" चाचीने विचारलं.

"लवंगी," मी म्हणालो. हे फळ्यावर नव्हतं.

"आणि आल्या?"

"आल्या की. पोपटाने सही करून उतरवून घेतल्या."

चाचीला वाचता येत नव्हतं. फळ्यावर जेवढं असायचं त्याच्या दुप्पट मी तिला वाचून दाखवायचो, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. एखाद्या दिवशी ती म्हणायची, "आज लांबड कमी हाय," की मी आणखी दोन ओळी ‘वाचायचो’. मग ती टोपली कमरेवर घेऊन गल्लीत शिरायची आणि दुपारपर्यंत तो पोपट गावातल्या साऱ्या माजघरांतून फिरून आलेला असायचा. माझ्या आईच्या हातात तिनेच बांगड्या भरल्या होत्या, माझ्या बायकोच्याही. मला ती नुसतं येसू म्हणायची. बाकीचं गाव येसूआण्णा म्हणतं.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव माळशिंगी, कोल्हापूरहून एसटीने दीड तास, माझ्या घड्याळाने पाऊण. मी नगर वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि वाचनालयाच्या भिंतीवरचा वार्ताफलक रोज सकाळी लिहिणं हे माझं काम होतं. फळ्यासमोरच्या मोकळ्या जागेला सगळे टांगा स्टँड म्हणत. तिथला शेवटचा टांगा जाऊन पंधरा वर्षं झाली होती आणि रिक्षा लागत होत्या, पण रिक्षावालेसुद्धा आपण टांगा स्टँडला आहोत असंच सांगायचे.

पूर्वी फळ्यावर दोनच रकाने होते, सिनेमा आणि राजकारण. या दोन विषयांवर बोलायला काही माहीत असावं लागत नाही, त्यामुळे माझं बरं चाललं होतं. मग चौकाच्या कोपऱ्यावर प्रज्ञा कांबळेने दोन संगणक मांडून सायबर कॅफे काढला. तेविशीची पोरगी, जिभेने तिखट. संध्याकाळी मी तिच्याकडे जाऊन बसायचो. यंत्राला जाळ्याशी जोडताना असा आवाज यायचा की पत्र्यावरून कुणी लोखंडी खाट ओढत नेतंय. मग प्रज्ञा जगभरातल्या चमत्कारिक गोष्टी शोधून मला मराठीत सांगायची आणि मी त्या फळ्यापर्यंत नेईनेईतो त्या बाळसं धरायच्या. ब्राझीलच्या पोपटाने मुळात एक मिरची खाल्ली होती. बाकी पोतं माझं.

एका सोमवारी टेलिफोनची तार तुटली. कॅफे बंद. मंगळवारी सकाळी दोन रकाने भरले आणि तिसरा मोकळा राहिला. चौकातले चार जण चहाचे पेले घेऊन माझ्या पाठीमागे उभे होते. हातात खडू, समोर मोकळी जागा आणि मागे माणसं, अशा वेळी माझ्या हातून काय होईल ते मलाही आधी सांगता येत नाही. मी लिहिलं : ‘आपल्या गावात १९६१ साली चित्रित झालेला आणि पुढे सर्व प्रती नष्ट झाल्याने कायमचा हरवलेला सिनेमा इंटरनेटवर सापडला आहे. रशियातील एका सद्गृहस्थाच्या संग्रही तो सुखरूप असून टांगा स्टँडवरील प्रसंग अगदी स्पष्ट दिसतो.’

रशिया अशासाठी की तो लांब आहे. लांबच्या माणसाला विचारायला कुणी जात नाही.

सिनेमाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही हे वाचणं टाकून मोबाइलमध्ये शोधायला बसाल. पण सिनेमा खरा होता. कंपनी चार दिवस गावात मुक्कामाला होती आणि सगळं गाव गर्दीत उभं राहायला गेलं होतं. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि मला गोवर आला होता. माझ्या आयुष्यातली ही एक पूर्णपणे खरी गोष्ट आहे, म्हणून ती कुणी मानत नाही.

दुपारपर्यंत गावाला धुमारे फुटले. निवृत्त मुख्याध्यापक स्वतः येऊन सांगून गेले की गर्दीत डावीकडून तिसरे ते. पाठोपाठ डावीकडून तिसरे असलेले आणखी चौघे आले. नगरपालिकेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. सर्जेरावांनी संध्याकाळी कर्णा लावलेल्या जीपमधून जाहीर करवलं की सदर सिनेमा त्यांच्याच अथक प्रयत्नांनी रशियातून मिळवण्यात आला असून येत्या रविवारी संध्याकाळी टांगा स्टँडवर मोठा पडदा लावून तो जनतेस दाखवण्यात येईल. विरोधकांनी पत्रक काढलं की सिनेमा आमच्या प्रयत्नांनी मिळाला, आणि कंपनीच्या दिव्यावर दगड मारणारे गृहस्थ सर्जेरावांचे वडील होते हे रविवारी जनतेला दिसेलच. सर्जेरावांनी वडिलांचा तो दगड कलेच्या प्रेमापोटी होता असा खुलासा केला.

मी खूश होतो. इतकं वाढलेलं माझं एकही लेकरू आजवर नव्हतं.

बुधवारी चाची आली नाही. गुरुवारी आली नाही. शुक्रवारी आली ती टोपलीशिवाय. ईदला नेसायची ती पोपटी साडी, केस विंचरून घट्ट बांधलेले. ती टोपलीशिवाय अशी उभी मी कधी पाहिलीच नव्हती. एक हात उगाच कमरेकडे जात होता.

"मंगळवारचं वाच," ती म्हणाली.

मंगळवारचं पुसलं होतं. मी पाठ म्हणून दाखवलं.

"टांगा दिसतोय?"

"दिसतो," मी म्हणालो. जीभ सवयीने पुढे गेली.

"आणि हाकणारा?"

"तोही दिसतो की."

चाची पायरीवर बसली. मला तेव्हा आठवलं. मंगळवारी आठवायला हवं होतं. सिनेमातला तो टांगा बाबालाल मणेरचा होता, आणि बाबालाल हा चाचीचा नवरा.

चाची खाली बघत बोलली, आणि जेवढं बोलली तेवढं मी गावात कुणाकडून कधी ऐकलं नव्हतं. बाबालालने बांगड्या विकणाऱ्या मणेरांच्या घरात जन्मून बांगड्या सोडल्या आणि लगाम धरला. लाडी नावाची पांढरी घोडी होती. त्याचा सगळा जीव लाडीत. बायकोला तो "अगं" म्हणायचा आणि घोडीला "लाडी", हे सांगताना चाचीच्या आवाजात चाळीस वर्षांनंतरही थोडी धार होती. चाचीला सातवा महिना होता आणि तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी सोडायचं होतं. नवऱ्याच्या टांग्यात बसून माहेरी जायचं हे तिने मनात धरलं होतं. नेमका त्याच दिवशी कंपनीने टांगा मागितला. बाबालालने बायकोला एसटीत बसवून द्यायचं ठरवलं आणि त्यावरून सकाळी कडाक्याचं भांडण झालं.

"म्या बोलायचं टाकलं," चाची म्हणाली. "पर त्याच्यासाठी एक रुमाल भरला हुता. पांढरा. कोपऱ्यात रेशमाची चंद्रकोर. पहिल्यांदाच भरायला घेतलं, त्यात ती उलटी झाली, टोकं खाली. तो रुमाल टांग्याच्या बैठकीवर ठेवला आन एसटीत जाऊन बसले. म्हटलं, बांधला तर बांधला, न्हाई तर न्हाई. बांधला म्हंजे भांडण मिटलं."

"मग?"

"मग काय. दिलशाद झाल्यावर दोनदा आला. लेकरू मांडीवर घेतलं आन लाडीचं खूर कसं दुखावलंय ते सांगत बसला. म्या रुमालाचं इचारलं न्हाई. त्यानं सांगितलं न्हाई. पुढं पंधरवड्यात नाल ठोकताना त्याला खिळा लागला, धनुर्वातानं आठ दिसांत गेला."

लाडीला जयसिंगपूरचा एक माणूस टांग्यासकट, साजासकट घेऊन गेला. रुमाल घरात सापडला नाही. बाबालालचा फोटो कधी काढलाच नव्हता. आणि सिनेमा गावच्या टॉकीजला तीन दिवस लागला तेव्हा चाची नवरा गेल्यावरच्या इद्दतमध्ये होती. चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. टॉकीजच्या कर्ण्यावर सिनेमाची गाणी वाजत होती आणि ती आत दिलशादला पाजत बसली होती. उरलेल्या प्रती पुढे जळाल्या.

"गावात इचारलं तर कुणी म्हणतंय फेटा हुता, कुणी म्हणतंय बोडका हुता," ती म्हणाली. "सगळी त्या नटीकडं बघत हुती. टांगेवाल्याकडं कोण बघतंय. येसू, आता तू बघितलायस. त्याच्या गळ्यात रुमाल हुता का?"

मी तोंड उघडलं.

"थांब," चाची म्हणाली. "तुझ्याकडनं खरं म्या कधी मागितलं न्हाई. तुझा पोपट घेतला, तुझ्या मिरच्या घेतल्या. हे एवढं खरं सांग."

उघडलेलं तोंड मला मिटावं लागलं. मग मी म्हणालो की पुन्हा एकदा नीट बघून सांगतो, रविवारी सकाळी.

तिथून मी तडक प्रज्ञाकडे गेलो. तार जोडली गेली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला जे बोलायचं ते बोलली. ते फळ्यावर लिहिण्यासारखं नव्हतं. मग खुर्ची ओढून बसली. तिने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं परत पाठवून इंग्रजीत ई-मेलची पत्रं लिहिली, जुने सिनेमे जमवणाऱ्या मुंबई, पुणे, मद्रास, कुठल्या कुठल्या माणसांना. रशियालाही एक लिहिलं, माझ्या आग्रहावरून. तिघांची उत्तरं आली. दोघांनी सिनेमा नष्ट झाल्याचं कळवलं. तिसऱ्याने उलट आम्हालाच विचारलं की आपणाकडे प्रत असल्यास कळवावे.

मी दरम्यान गावातले सगळे म्हातारे पालथे घातले. नऊ जण भेटले आणि टांगेवाल्याची नऊ वर्णनं मिळाली. फेटा, काळी टोपी, बोडका, मिशा, बिनमिशा. एका आजोबांनी टांगा बाई हाकत होती असं शपथेवर सांगितलं. नटीच्या पातळाचे काठ मात्र नऊच्या नऊ जणांना सारखे आठवत होते.

शनिवारी संध्याकाळी प्रज्ञाने यंत्र बंद केलं आणि म्हणाली, "आण्णा, हो म्हणा आणि मोकळे व्हा. रुमाल होता म्हणा. पोपटाच्या मिरच्या सांगता तुम्ही, हे सांगायला काय जातं तुमचं? म्हातारीला बरं वाटेल."

"तेच करणार आहे," मी म्हणालो.

आणि खरंच तेच करणार होतो. घरी जाताना वाक्य मनात तयार केलं. ‘गळ्यात रुमाल आहे, चाची, पांढराशुभ्र, कोपऱ्यातली चंद्रकोरसुद्धा दिसते.’ वाक्य चांगलं झालं होतं. माझ्या सगळ्या थापांत ही पहिल्या तिनांत बसली असती.

रविवारी सकाळी स्टँडवर बांबू उभे राहिले होते. सर्जेरावांचा हसरा चेहरा असलेला कापडी फलक वाऱ्यावर गाल फुगवत होता. मी फळा पुसला आणि लिहायला लागलो. काय लिहायचं हे ठरलं नव्हतं, पण खडू मात्र एकदाही थांबला नाही. तिन्ही रकान्यांच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या, त्या पुन्हा न आखता सबंध फळ्यावर लिहिलं : ‘मंगळवारी या फळ्यावर जुना सिनेमा सापडल्याचे लिहिले होते. ते खोटे होते. सिनेमा सापडलेला नाही. त्यानंतर शोधला, मिळाला नाही.’

माझ्या मागे उभा असलेला रिक्षावाला पोट धरून हसला. "आण्णा, हे भारी," म्हणाला. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. विरोधकांचा एक कार्यकर्ता येऊन माझा हात दाबून गेला आणि हळूच म्हणाला की सर्जेरावांनी दबाव आणलेला दिसतोय, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. पाठोपाठ सर्जेरावांचा माणूस आला आणि विरोधकांनी किती दबाव आणला ते विचारायला लागला. मी दोघांनाही सांगितलं की लिहिलंय ते खरं आहे. दोघेही डोळा मारून गेले.

मग गर्दी बाजूला सरकली आणि चाची आली. तीच पोपटी साडी.

"वाच," ती म्हणाली.

तिला वाचता येत नव्हतं. फळ्यावर काहीही असलं तरी मी जे म्हणेन तेच तिच्यासाठी फळ्यावर होतं. तयार केलेलं वाक्य जिभेवर होतं, मागचे लोक हसण्यात गुंतले होते, आणि मला पुढची पंचवीस वर्षं कुणी विचारलं नसतं. मी अक्षरावर बोट ठेवून वाचलं. मंगळवारी या फळ्यावर. जुना सिनेमा सापडल्याचे. लिहिले होते. ते खोटे होते. शेवटपर्यंत वाचलं आणि बोट खाली घेतलं.

चाची फळ्याकडे बघत राहिली.

"एवढंच लिवलंय?"

"एवढंच."

"लांबड न्हाई?"

"नाही."

ती पायरीवर बसली. साडीच्या काठाशी चाळा करत राहिली. रिक्षावाल्यांना काहीतरी कळलं असावं, ते आपापल्या रिक्षांकडे गेले.

"म्हंजे तुलाबी ठावं न्हाई," ती म्हणाली.

"नाही, चाची. मला माहीत नाही. चूक झाली माझी."

तिने मान वर केली. "खडू हाय का?"

"आहे."

"मग म्या सांगते ते लिव. जिथं सिनेमा असतो तिथं."

मी फळा पुसला, डाव्या हाताला रेघ मारली, वर ‘पडद्यावर’ लिहिलं. चाची एकेक शब्द तोलून सांगायला लागली, बांगडी भरताना हात दाबून माप बघावं तसं.

"टांगा स्टँडावर टांगा उभा हाय. लिव. हाकणारा बाबालाल मणेर. गळ्यात रुमाल हाय. पांढरा." ती थांबली. "चंद्रकोर उलटी. लिवलंस?"

"लिहिलं."

"वाच."

मी वाचलं. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही.

"ह्यात तुझी थाप न्हाई न्हवं?"

"नाही, चाची."

"व्हय," ती उठत म्हणाली, "ही माझी हाय."

आणि गुडघ्यावर हात देत ती घरी गेली. सोमवारी सकाळी टोपली घेऊन आली, पायरीवर टेकवली आणि म्हणाली, "वाच बघू." मी ‘गादीवर’ आणि ‘जाळ्यात’ वाचलं. ‘पडद्यावर’ रकाना मी आठवडाभर पुसला नाही. टॉकीजच्या मालकाने, त्याच्या नव्या सिनेमाबद्दल मी एक वाईट ओळसुद्धा लिहीत नाही म्हणून तक्रार केली.

रविवारच्या कार्यक्रमाचं सांगायचं राहिलं. सगळं गाव जमलं. सर्जेरावांनी आंतरराष्ट्रीय कारस्थानामुळे सिनेमा रशियातच अडवला गेल्याचं सांगून एक तास भाषण केलं आणि मोठ्या पडद्यावर नळपाणी योजनेची माहिती दाखवली. ते पुन्हा निवडून आले.

चाची जाऊन आता अकरा वर्षं झाली. प्रज्ञा पुण्याला असते, मोठ्या कंपनीत आहे, आणि अजूनही तिखट आहे. गेल्या महिन्यात तिने मला मोबाइलवर काहीतरी पाठवलं आणि खाली लिहिलं : ‘आण्णा, बसून बघा.’

मी उभ्यानेच बघितलं आणि मग बसलो.

त्या सिनेमातलं एक गाणं होतं. रशियात नव्हे, इचलकरंजीतल्या एका जुन्या गोदामात गंजलेल्या डब्यात रिळाचा तुकडा निघाला होता आणि कुणीतरी तो इंटरनेटवर टाकला होता. जेमतेम तीन मिनिटांचा. आमचं वाचनालय दिसत होतं, ही पायरी दिसत होती.

मी चाचीच्या लेकीच्या, दिलशादच्या दुकानात गेलो. ती आता साठी ओलांडलेली. टांगा स्टँडलाच तिचं बांगड्यांचं दुकान आहे. ती एका मुलीच्या हातात बांगड्या चढवत होती. मुलगी गेल्यावर मी मोबाइल तिच्या हातात दिला आणि काय आहे ते सांगितलं.

तिने आधी माझ्याकडे बघितलं. "आण्णा, हे तुम्ही केलंय का? हल्ली म्हणे कॉम्प्युटरवर मेलेली माणसंसुद्धा चालती-बोलती करतात."

"मला साधा फोटो पाठवता येत नाही, दिलशाद."

"तुमचं काय सांगावं," ती म्हणाली आणि चष्मा लावला.

गाणं सुरू झालं. नटी टांग्यात येऊन बसते. टांगा वळतो आणि एका क्षणी पांढऱ्या घोडीचं तोंड अख्ख्या पडद्यावर येतं. तिथे एक तरुण माणूस बैठकीवरून उतरून घोडीच्या तोंडाशी येतो. डोकं उघडं. गळा उघडा. कॅमेऱ्याकडे तो बघत नाही, नटीकडेही नाही. घोडीच्या कपाळावर, जिथे तुरा खोवतात तिथे, एक रुमाल बांधलेला आहे, तो वाऱ्याने सरकलाय. तो माणूस दोन्ही हातांनी रुमाल नीट करतो, कोपरा मधोमध आणतो, आणि जरा मागे सरून ठीक बसलाय का ते बघतो. कोपऱ्यात चंद्रकोर आहे. टोकं खाली.

दिलशादने ते पुन्हा बघितलं. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी तिने बोटाने चित्र थांबवलं आणि आपल्या बापाचा चेहरा बघत बसली. तो तिशीचाही नव्हता. ती त्याची आई शोभली असती.

"घोडीला बांधला," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"म्हणजे जयसिंगपूरला गेला. लाडीबरोबर. साजात." ती हसायला लागली आणि हसता हसताच चष्मा काढून पदराने पुसायला लागली. "अम्मा काय म्हणाली असती, ठावं आहे? म्हणाली असती, बघ मेल्याला, चांगली वस्तू दिसली की आधी घोडीला."

"भांडण मिटलं म्हणाली असती का?"

दिलशादने थोडा विचार केला. "नवं काढलं असतं," ती म्हणाली. "आनंदाने."

मग तिने मोबाइल परत दिला नाही. संध्याकाळी न्या म्हणाली, सुना-नातवंडांना दाखवते. मी दुकानाच्या पायऱ्या उतरलो तेव्हा तिने मागून हाक मारली.

"आण्णा, अम्माने तुमच्याकडून फळ्यावर लिहून घेतलं होतं ना, गळ्यात रुमाल म्हणून?"

"घेतलं होतं."

"ते तेवढं नीट करा."

फळा आता कुणी लिहीत नाही. वाचनालयात कुणी येत नाही, बातम्या मोबाइलवर येतात, आणि थापा मारणारे माझ्यापेक्षा फार पुढे गेलेत. फळ्यावर सर्जेरावांच्या चिरंजीवांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स टांगलेला होता. मी त्याची खालची दोरी सोडून तो वर गुंडाळला. काळा रंग उडाला होता, पण खडू लागत होता. डाव्या हाताला रेघ मारली, वर ‘पडद्यावर’ लिहिलं आणि खाली, जितकं सावकाश लिहिता येतं तितकं सावकाश :

‘दुरुस्ती. या फळ्यावर पूर्वी बाबालाल मणेर यांच्या गळ्यात रुमाल असल्याचे लिहिले होते. रुमाल लाडी घोडीच्या कपाळावर होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने बांधला होता. चंद्रकोर उलटीच होती. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’

रिक्षातल्या एका पोराने मान बाहेर काढून ते वाचलं आणि म्हणाला, "आण्णा, या वयात तरी थापा कमी करा."

मी खाली सही केली. इतक्या वर्षांत त्या फळ्यावर मी कधीच सही केली नव्हती. मग पायरीजवळ उभा राहिलो, घसा साफ केला आणि जे लिहिलं होतं तेवढंच वाचलं.